न फोडलेलं गाडगं

त्या वस्तीचा विषय निघाला की मला आधी आमचे जमादार आठवतात. हुद्दा हेड कॉन्स्टेबल, शिक्षण चौथी, गाव पडघ्याच्या आतल्या अंगाला. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. फौजदार होऊन भिवंडीला रुजू झालो तेव्हा कायदा पाठ होता, काम येत नव्हतं. ते त्यांनी शिकवलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका सकाळी एक शेतकरी ठाण्यात आला. त्याची एकोणीस वर्षांची पोरकी भाची पडघ्याजवळच्या माळावर एका पंथाच्या वस्तीत आजीजवळ राहत होती. वस्तीला काटेरी कुंपण. ती माणसं बाहेरच्यांत मिसळत नसत.

"आठ दिस झाले, पोर दिसली न्हाय. ट्रकवाल्यासंगं पळाली बोलतात," मामा म्हणाला. "पन साहेब, तिला नर्सिंगला जायाचा होता. फारम मीच आनून दिला."

मी मिसिंगची नोंद घेतली, नाशिकला वायरलेस पाठवला, हायवेवरचे ढाबे पालथे घातले. दोन दिवस वाया गेले. शेवटी जमादार म्हणाले, "साहेब, पोर पळाली तर घरचे आधी ठान्यात येतात. हे आले का?"

मामाला जीपमध्ये घेऊन आम्ही वस्तीवर गेलो. वाटेत जमादार त्याला तिथल्या रीतीभाती विचारत होते. मला ती टाइमपासची बडबड वाटली. दीक्षा घेतली की प्रत्येकाला पाणी प्यायला स्वतःचं गाडगं मिळतं, त्यावर चुन्यानं नाव लिहितात. माणूस मेला किंवा पंथ सोडून गेला, की त्याच दिवशी ते वेशीवर फोडतात; माणूस वस्तीत असताना फोडलं तर त्याचं मरण ओढवतं, अशी समजूत. एवढं मामानं सांगितलं.

प्रमुखानं आमचं अदबीनं स्वागत केलं. मी सात जणांचे जबाब घेतले. सातही जण शब्दाला शब्द तेच बोलले: "ती पहाटे निघून गेली. आम्हाला ती मेली." मी कागद गुंडाळू लागलो. तेवढ्यात प्रार्थनाघराच्या ओसरीवरून जमादारांनी हाक मारली. फळीवर गाडगी ओळीनं मांडलेली होती. एकावर त्या मुलीचं नाव होतं. गाडगं अखंड.

"फोडायचं राहून गेलं," प्रमुख म्हणाला.

जमादारांनी ते उचलून त्याच्यापुढे धरलं. "मंग आता फोडा. आमी थांबतो."

प्रमुखानं गाडगं घेतलं, पण त्याचा हात वर जाईना. भोवतीचे सगळे खाली बघत होते. एकदम मागून म्हातारी आजी ओरडली, "नको रं! जित्या पोरीचा फोडू नको!"

मग तिनंच वाट दाखवली. पंच बोलावून आम्ही भाताच्या कोठाराचं कुलूप तोडलं. नर्सिंगचा हट्ट सोडेपर्यंत उपास, असं प्रायश्चित्त तिला दिलं होतं. ओठ फुटलेले, नाडी मंद, पण जिवंत. आणखी दोन दिवस गेले असते तर काही खरं नव्हतं, असं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. ते दोन दिवस मी हायवेवर घालवले होते.

या तपासानं मला एक शिकवलं. पोलिसाशी माणूस बिनदिक्कत खोटं बोलतो, आपल्या श्रद्धेशी खोटं बोलायची वेळ आली की अडतो. पण ते बघायला आधी त्याची रीत माहीत हवी.

बक्षीस मला मिळालं. अहवालात 'गाडगे माझ्या निदर्शनास आले' असं मी लिहिलं होतं. जमादार एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब, तुमची नोकरी नवी हाय." काही वर्षांनी, ते निवृत्त झाल्यावर, मी त्यांना पत्र पाठवलं:

"तीर्थस्वरूप जमादारसाहेब यांस, सा. न. वि. वि.

परवा एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो. इंजेक्शन देताना नर्सनं मला ओळखलं. तीच मुलगी. माझी विचारपूस नंतर केली, आधी म्हणाली, 'गाडगं ज्यांनी धरलं होतं ते काका कसे आहेत?' अहवालात मी काहीही लिहिलं असलं तरी तिला खरं काय ते आजीकडून कळलं होतं. ते गाडगं तुमच्या निदर्शनास आलं होतं. हे मी लेखी द्यायला हवं होतं, ते आज देतो.

आपला आज्ञाधारक."