उजव्या बाजूची कच्ची भाकरी

"मॅडम, ही बघा. एका भाकरीत दोन भाकऱ्या हाईत."

गिरिजाक्कांनी भाकरी माझ्यासमोर उभी धरली. तिची डावी बाजू करपून काळी पडली होती. उजवी बाजू पांढरट होती आणि बोटाने दाबली की वाकत होती. ज्वारीच्या कडक भाकरीचा धंदा करणाऱ्या बाईला याहून वाईट काही दिसू शकत नाही. ही भाकरी पापडासारखी मोडली पाहिजे. एका कडेला ओल राहिली, तर पाकिटात बुरशी धरते आणि सगळे पाकीट वाया जाते.

नेमके तेच झाले होते. कोल्हापुरातल्या ज्या दुकानात त्यांचा माल जात असे, त्या दुकानदाराने लागोपाठ दोन खेपा परत पाठवल्या होत्या. शनिवारची खेप नीट आली नाही, तर यापुढे माल घेणार नाही, असे त्याने फोनवर स्पष्ट सांगितले होते. गिरिजाक्कांच्या हाताखाली गल्लीतल्या आणखी दोघी भाकऱ्या थापत असत. तिघींचे काम त्या एका दुकानावर अवलंबून होते. मी शिरोळमधल्या त्यांच्या घरी पोचले, तो गुरुवार होता.

शेगडी आमच्या कंपनीची होती. तिचा फायरपॉट मी डिझाइन केलेला होता.

ही पेलेट शेगडी आहे. पेलेट म्हणजे उसाचे चिपाड आणि लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाएवढ्या कांड्या. त्या लोखंडाच्या एका गोल भांड्यात जळतात. त्या भांड्याला आम्ही फायरपॉट म्हणतो. त्याच्या तळाला आणि कडेला बारीक छिद्रे असतात. खालचा लहान पंखा त्या छिद्रांतून हवा ढकलतो. सगळीकडे सारखी हवा मिळाली, तर ज्वाळा सारखी येते आणि तवा सारखा तापतो. तव्याची एक बाजू थंड राहत असेल, तर त्या बाजूला हवा कमी पोचते आहे, एवढा निष्कर्ष काढायला अभियंता असण्याची गरज नाही. हवा का पोचत नाही, हा खरा प्रश्न असतो.

आमचा टेक्निशियन या घरी दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्याला फायरपॉटच्या उजव्या बाजूला खंगर सापडला. राख वितळून, घट्ट होऊन तिचा जो काचेसारखा दगड बनतो, त्याला वीटभट्टीवाले खंगर म्हणतात आणि आम्ही क्लिंकर म्हणतो. त्या खंगराने छिद्रे बुजली होती. टेक्निशियनने छिन्नीने तो फोडून काढला. शेगडी काही दिवस चांगली चालली, पुन्हा बिघडली. त्याने रिपोर्टमध्ये लिहिले: पेलेट खराब, मातीमिश्रित.

ते पटण्यासारखे होते, म्हणून मी गिरिजाक्कांच्याच पोत्यातले पेलेट वर्कशॉपमध्ये मागवून घेतले आणि त्याच मॉडेलच्या शेगडीत दिवसभर जाळले. राख मऊ, भुरभुरीत निघाली. पिठासारखी. पेलेट निर्दोष होते. म्हणजे खंगर होण्याचे कारण शिरोळच्या त्या स्वयंपाकघरात होते.

निघताना आमचे प्रॉडक्शन हेड माने साहेब म्हणाले होते, "हे बघ, तू स्वतः जातेस ते ठीक आहे. पण मी आधीच सांगतो. घरगुती मॉडेल मला बंद करायचंय. हॉटेलवाल्याला दिली की तो वापरतो आणि गप्प बसतो. घरात दिली की रोज फोन."

"सर, कारण सापडलं तर?"

"सापडलं तर बोलू. नाही सापडलं तर शेगडी गाडीत घालून परत आण. त्यांना गॅस घेऊ दे."

गॅसवर कडक भाकरी होते, पण गिरिजाक्कांच्या हिशेबात ती बसत नव्हती. मी पोचल्या पोचल्याच त्यांनी मला ते सांगितले होते.

मी क्रमाने तपासायला लागले. स्पिरिट लेव्हल लावली. शेगडी तिरकी नव्हती. तवा उलटा करून पट्टी टेकवली. तो वाकलेला नव्हता. पंख्याच्या वाऱ्यात कागदाची पट्टी धरून पाहिली. वारा पुरेसा होता. फायरपॉट बाहेर काढला आणि उजव्या बाजूचा खंगर फोडला. त्याचा तुकडा हिरवट, चकचकीत होता. तो मी पिशवीत घातला. सगळे परत बसवून शेगडी पेटवली आणि तव्याचे तापमान दोन्ही बाजूंना मोजले. फरक नगण्य होता.

"झाली दुरुस्त?" गिरिजाक्कांनी विचारले.

"नाही. फक्त साफ झाली. तुम्ही नेहमीसारखं काम करा. मी इथेच बसते."

"बसा की. पन मदी मदी हात घालू नका."

कोपऱ्यात त्यांच्या सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या. त्यांना घरात सगळे अव्वा म्हणत. कंपनीची माणसे येतात, चहा पितात आणि जातात, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी तो मला ऐकवला. मी चहा घेतला नाही, तर त्याचाही त्यांना राग आला. शेवटी घेतला.

भाकऱ्या सुंदर होऊ लागल्या. गिरिजाक्का फडक्याने भाकरी तव्यावर दाबत आणि उलटत होत्या. दोन्ही बाजू सारख्याच तांबूस होत होत्या. सुपात चळत वाढत होती. दुपारी शेजारची एक बाई ताक मागायला आली. तिची नजर सुपाकडे गेली.

"आगं बया! केवडा ढीग घातलाय गं अक्का! आनि समद्या सारख्या खरपूस की!"

ती ताक घेऊन गेली. ती उंबऱ्याबाहेर पडली आणि अव्वा उठल्या. मुठीत जाडे मीठ, मोहऱ्या आणि दोन सुक्या मिरच्या घेऊन त्यांनी त्या गिरिजाक्कांवरून ओवाळल्या, सुपावरून ओवाळल्या, शेगडीवरूनही ओवाळल्या. मग शेगडीच्या उजव्या अंगाला उभ्या राहून, तवा जरा सरकवून, सगळी मूठ आगीत टाकली. मोहऱ्या तडतडल्या. मिरचीचा ठसका उठला आणि आम्ही सगळ्याजणी खोकलो.

"बगितलीस? किती तडतडली!" अव्वा म्हणाल्या. "लई दिष्ट हाय."

मी माझ्या हातातल्या खंगराच्या पिशवीकडे पाहिले.

"अव्वा, हे तुम्ही नेहमी करता?"

"आदी अमावास्येला करत हुतो. मग ह्या भाकऱ्या बिगडाय लागल्या. तवापास्नं रोज करतो. परवा माल म्हागारी आला, त्या दिशी दोनदा केलं."

"आणि इथूनच टाकता? या बाजूने?"

"मग काय भिताडातनं टाकू?"

भिंत डावीकडे होती. उभे राहायला जागा फक्त उजवीकडे होती.

आता कारण सांगते. उसाच्या पाल्याने हात कापतो, कारण ऊस जमिनीतून सिलिका शोषतो. सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य घटक. तो पाल्यात असतो, चिपाडात असतो आणि जळल्यावर राखेत उरतो. नुसती सिलिका आमच्या शेगडीच्या उष्णतेला वितळत नाही. पण तिच्यात सोडियम मिसळला, तर ती बऱ्याच कमी तापमानाला मऊ होते. काच याच तत्त्वावर बनते. मीठ म्हणजे सोडियमचे संयुग. अव्वा रोज मूठभर मीठ घालून फायरपॉटच्या उजव्या बाजूला काच तयार करत होत्या. त्या काचेने छिद्रे बुजत. भाकरी बिघडे. भाकरी बिघडली की दृष्ट लागली असे ठरे, आणि आणखी मीठ पडे. बिघाड आणि उपाय एकमेकांना वाढवत होते.

संध्याकाळी शेगडी थंड झाल्यावर मी फायरपॉट काढून दाखवला. उजवीकडे ताजा, चमकदार थर होता. त्यात एक काळी मोहरी अडकलेली होती.

अव्वा बोलल्या.

"म्हंजे माज्या मिठानं शेगडी बिगाडली म्हन."

"तुमच्या लोणच्याच्या बरणीला बाहेरून चकाकी आहे ना? जुने कुंभार तशी चकाकी आणायला तापल्या भट्टीत मीठच टाकायचे. बरणीला ती लागते. शेगडीला चालत नाही."

अव्वांनी फळीवरच्या तपकिरी बरणीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"मग दिष्ट काडायची न्हाय? लोकं येत्यात, बगत्यात, बोलत्यात. त्येंची तोंडं तू बंद करनार हाईस?"

दृष्ट लागते की नाही, हा वाद घालायला मी आले नव्हते. शनिवारची खेप जायला हवी होती.

"काढा. फक्त दुसऱ्या आगीत टाका."

"दुसरी आग कुटली? चूल तर मोडली तुमच्या ह्या डब्यापायी."

गिरिजाक्कांनी मागच्या दाराकडे बोट केले. "परड्यात आंगुळीचा बंब हाय की, अव्वा. लाकडावर पेटतोय. त्येला कुटं छिद्रं हाईत?"

"बंब सकाळी असतोय. बायका दुपारी येत्यात."

"दुपारची दिष्ट सकाळी काडली तर काय उतरत न्हाय व्हय?"

"उतरती," अव्वा म्हणाल्या. "पन मीठ जास्त घ्याय लागंल."

बंबात कितीही मीठ घाला, असे मी त्यांना सांगितले.

शुक्रवारी मी पुन्हा गेले. दिवसभर दर तासाला तव्याचे तापमान मोजले. संध्याकाळपर्यंत उजवी बाजू डावीच्या बरोबरीने होती. शनिवारी माल गेला. दुपारी गिरिजाक्कांचा फोन आला. दुकानदाराने एक पाकीट फोडले, भाकरीचे दोन तुकडे केले, दोन्ही चाखले आणि पुढच्या शनिवारी जास्त माल मिळेल का, एवढेच विचारले. त्यांनी हो म्हणून टाकले होते आणि आता आणखी एक बाई कामाला घ्यावी का, या विचारात होत्या.

माझे काम संपले नव्हते. वर्कशॉपमध्ये मी दोन शेगड्या शेजारी ठेवल्या. पेलेट एकच. एकीत रोज मीठ टाकले, दुसरीत नाही. मिठाच्या शेगडीत आठवड्याच्या आत खंगर धरला. दोन्ही फायरपॉट मी माने साहेबांच्या टेबलावर ठेवले.

"म्हणजे आता मॅन्युअलमध्ये दृष्ट काढू नये असं छापायचं?" त्यांनी विचारले. "लोक आपल्यालाच दगड मारतील."

"काढू नये असं नाही, सर. दृष्टीचं मीठ या शेगडीत टाकू नये, एवढंच."

"आणि कुठे टाकावं?"

"ते ज्याचं त्याला माहीत असतं."

त्यांनी वाक्य पाच वेळा बदलले आणि छापले. घरगुती मॉडेल अजून चालू आहे. त्यानंतर अशाच तक्रारी आणखी दोन घरांतून आल्या. त्यातल्या एका घरी कारण मीठच निघाले, दुसऱ्या घरी मात्र खरोखर पेलेटच खराब होते.

तक्रारीचा फोन आला की पूर्वी आम्ही विचारत असू, शेगडी बिघडण्याआधी काय केले होते? लोक प्रामाणिकपणे सांगत, काही नाही. मी आता विचारते, बिघडल्यापासून तुम्ही काय काय करून पाहिलेत? मग मात्र ते बराच वेळ सांगत राहतात.