वर, खाली, सरळ, थांब

आमच्या मुलींची अडचण चेंडू मारण्याची नव्हती, सोडण्याची होती. समोरून आलेला चेंडू हात आवरून जाऊ द्यायचा, ही कल्पनाच त्यांना पटत नसे. "आलेला बॉल सोडून काऊन द्यायचा म्याडम?" हा प्रश्न दर वर्षी नव्या अकरावीकडून यायचा. मी दर वर्षी नव्याने चिडायचे. लहानपणापासून काठी घेऊन चिंचा-कैऱ्या पाडलेल्या पोरी त्या. टप्प्यात आलं की हाणायचं, एवढंच त्यांच्या हातांना माहीत.

मी धानोऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवते. म्हणजे पंधरा ऑगस्टची कवायत घेते, सहलीला मुलं मोजते, प्राचार्यांच्या दाराशी भांडण लागलं की मला बोलावतात. उरलेल्या वेळात सॉफ्टबॉल. हा खेळ आमच्याकडे कसा आला ते मला विचारू नका, पण विदर्भातल्या शाळांत तो बराच खेळला जातो आणि मुली तो फार मनापासून खेळतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यात क्रिकेटसारखा टप्पा नाही. चेंडू टाकणारी पिचर हात चाकासारखा पूर्ण फिरवून कमरेखालून फेकते आणि चेंडू सरळ अंगावर येतो. गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या उंचीत, समोर जमिनीत बसवलेल्या प्लेटवरून जाणारा चेंडू चांगला. तो सोडला, किंवा कुठलाही मारायला जाऊन हुकला, की स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाल्या की बाद. पण त्या चौकटीबाहेरचा चेंडू सोडला तर तो पिचरच्या नावावर लागतो, आणि तसे चार झाले की मारणारी बॅट टाकून फुकटात पहिल्या बेसवर जाते. तिन्ही बेस फिरून परत प्लेटवर, म्हणजे घरी, आली की धाव. थोडक्यात, न मारण्यालाही या खेळात किंमत आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की मुली माझी नक्कल करताना तेच म्हणतात.

जिल्ह्यात आम्ही जिंकायचो. फार संघच नसत, त्यामुळे त्यात फुशारकी नको. विभागाला गेलो की मात्र शहरातल्या एका संघाशी गाठ पडायची आणि आम्ही हात हलवत परत यायचो. त्यांची पिचर दोन चेंडू असे टाकायची की आमच्या पोरी हमखास फसायच्या. एक छातीपाशी येतोय असं वाटून शेवटच्या क्षणी वर चढायचा. दुसऱ्याला हात जोरात फिरायचा, चेंडू मात्र रमतगमत यायचा. आमची बॅट फिरून झालेली असायची तेव्हा तो अजून वाटेतच असायचा.

माझं लहानपण माजरीच्या कोळसा कॉलनीतलं. वडील खाणीत होते. तिथल्या मैदानावर पांढरा चेंडू आणला की चार दिवसांत त्याच्या टाक्यांमध्ये कोळशाची धूळ बसायची, आणि पांढऱ्या चेंडूवर काळी शिवण स्पष्ट दिसायची. शिवण वर फिरतेय की खाली, यावरून चेंडू कुठे जाणार ते मला कळायला लागलं. तेव्हा ते कौशल्य आहे हे ठाऊक नव्हतं. सगळ्यांनाच दिसत असेल असं वाटायचं.

धानोऱ्याला धूळ आहे ती लाल, आणि ती शिवणीत बसत नाही. म्हणून मी चुलीतला कोळसा कुटून टाक्यांत चोळला. बॅटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग मैदानाच्या कडेला दोन बांबू रोवून मच्छरदाणी ताणली आणि मुलींना तिच्यामागे उभं करून चेंडू टाकायला लागले. मच्छरदाणी पहिल्याच दिवशी फाटली. दुसऱ्या दिवशी एकीच्या मामाने सिरोंच्याहून मासे धरायचं जाळं आणून दिलं, ते टिकलं.

नियम असा. माझ्या हातातून चेंडू सुटेपर्यंत डोळे उघडे. सुटला की लगेच डोळे मिटायचे आणि त्याच क्षणी ओरडून सांगायचं: वर, खाली, सरळ, किंवा थांब. थांब म्हणजे तो हळू येणारा, फसवा चेंडू. तो टाकताना हाताची पाठ पुढे दिसते, एवढीच त्याची खूण. ओरडायला मी लावलं, कारण मनातल्या मनात सगळेच बरोबर असतात. ओरडलं की चूक पकडता येते. महिनाभर जंगलाच्या कडेला आमच्या आरोळ्या चालायच्या. शेतावर जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या आणि जाळ्यामागे डोळे मिटून उभ्या असलेल्या पोरींना काय झालंय असं मला विचारायच्या.

या सगळ्यात एक मुलगी होती. बारावीची. घरी धानाची शेती, कापणीच्या दिवसांत सकाळी बांधावर आणि दुपारनंतर मैदानावर. एकोणीस वर्षांखालच्या गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. विभागाहून ती दोनदा, दहावीत शाळेच्या संघातून आणि अकरावीत आमच्या, हरून परत आली होती, आणि दोन्ही वेळा शेवटी बाद होणारी तीच होती. आमच्या मुली मनातलं सांगायला लाजतात, ही नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, "म्याडम, मले राज्यावर जायचं हाय. यंदा नाई त कधीच नाई." विभाग जिंकणारा संघ राज्याला जातो, त्यामुळे हिशेब सोपा होता.

सुरुवातीला तीच सगळ्यात वाईट ओळखायची. हट्टी होती म्हणून टिकली. मग एके दिवशी तिला दिसायला लागलं, आणि ते कुलूप उघडल्यासारखं एकदम झालं. त्यानंतर ती कुठेही ओरडायची. एकदा मराठीच्या सरांनी मागच्या बाकावर डुलकी काढणाऱ्या मुलाला खडू फेकून मारला, तर ही जागेवरून "खाली!" म्हणून ओरडली. खडू खरोखरच खाली बाकावर पडला. सर तक्रार घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांच्यासमोर गंभीर चेहरा केला आणि ते गेल्यावर पोट धरून हसले.

त्या वर्षी विभागीय सामने चंद्रपूरला होते. शेवटच्या सामन्यात तोच संघ, तीच पिचर. पहिल्या डावात आमच्या मुलीने दोन चेंडू सोडले आणि तिसऱ्याला, पिचरच्या हातातून तो सुटताच, मैदानभर ऐकू जाईल अशी ओरडली, "थांब!" आणि थांबली, आणि अडवायला उभ्या असलेल्या दोघींच्या मधून असा मारला की मी उडीच मारली. दुसऱ्यांदा आली तेव्हाही प्रत्येक चेंडूला आरोळी. वर! सरळ! सरळवर पुन्हा हिट. पिचर गोंधळून आपल्या कॅचरकडे, म्हणजे प्लेटमागे बसून चेंडू धरणारीकडे, बघायला लागली. आपला प्रत्येक चेंडू समोरची मोठ्याने सांगतेय, यावर कोण नाही बिथरणार?

त्यांच्या प्रशिक्षकाने हरकत घेतली. अंपायरने खेळ थांबवला आणि मला बोलावून सांगितलं, की चेंडू टाकताना असं ओरडणं चालणार नाही, पुन्हा केलं तर बाद देईन.

मी तापट आहे हे आमच्या तालुक्याला माहीत आहे, त्या दिवशी चंद्रपूरलाही कळलं. "ती पिचरला काही बोलत नाही, स्वतःला सांगतेय," मी म्हटलं.

"मग मनात सांगायला सांगा," अंपायर म्हणाले.

मी पाय आपटत बाकाकडे परतले. त्यांचं चूक नव्हतं, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

तिसऱ्यांदा ती गेली ती ओठ घट्ट मिटून. तीन चेंडू, तिन्हींना बॅट, तिन्ही हुकले. त्यातला एक तर तिच्या नाकासमोरून गेला. बाकावर येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"म्याडम, तोंड बंद ठेवलं त बॉल समजूनच नाई राह्यला," ती म्हणाली. "बोल्लं तवाच दिसते."

"अगं, मनात बोल की."

"मनात उशिरा येते."

महिनाभर मी तिचे डोळे आणि तोंड एका दावणीला बांधले होते. आता एकाला सोडलं की दुसरं हलायला तयार नव्हतं. असली पंचाईत दुसऱ्या कुठल्या संघाची झाली असेल असं मला वाटत नाही.

ती बाकावर बसून पिचरकडे बघत राहिली. चेंडू सुटला की हिचे ओठ उघडायचे आणि मी डोळे वटारायचे. मग तिने बाटलीतून पाण्याचा घोट घेतला आणि तो गिळलाच नाही. गाल फुगवून बघत बसली. मला आधी वाटलं हिला उलटी होतेय. पुढचा चेंडू सुटला तसा तिच्या घशातून "अं" असा आवाज आला. ओठ उघडले नाहीत. तिने माझ्याकडे वळून मान हलवली, डोळे चमकत होते. तोंड पाण्याने भरलेलं, त्यामुळे बाहेर ओरडता येत नव्हतं, पण आत शब्द होत होता आणि तिचं त्याने भागत होतं. बाकीच्या मुली खिदळल्या. एकीने विचारलं, "गिळलं त?" तिने तिला कोपराने ढोसलं.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने मागे. दोन मुली बाद झालेल्या, तिसरी बाद झाली की डाव संपणार, तिन्ही बेसवर आमच्या मुली उभ्या, आणि पाळी हिची. चार चेंडू बाहेरचे निघाले आणि तिने सोडले, तरी सगळ्या एकेक बेस पुढे सरकून तिसऱ्या बेसवरची आपोआप घरी येणार होती आणि बरोबरी होणार होती. ती फुगलेले गाल घेऊन उभी राहिली. अंपायरने तिच्याकडे निरखून पाहिलं, पण तोंडातल्या पाण्याबद्दल नियमात काही नाही.

पहिला वर चढला. सोडला. दुसरा सरळ, तो बॅटला लागून मागे उडाला; रेषेबाहेर गेलेला फटकाही स्ट्राइकच धरतात. मग तो हळूवाला. ती थांबली, किती सुंदर थांबली, आणि मारला तो रेषेच्या जरासा बाहेर पडला. तीही स्ट्राइकच. पुढचा खाली पडला, सोडला. त्याच्या पुढचा वर, सोडला. आता तीन बाहेरचे आणि दोन स्ट्राइक. पुढच्या चेंडूवर काहीतरी होणारच होतं. बाकावरच्या मुली "मार, मार" म्हणून ओरडत होत्या. दोन स्ट्राइक झाल्यावर जवळपासचा काहीही मारावा, असं कुठलाही प्रशिक्षक सांगेल. माझ्याही ओठांवर ते आलं होतं. मी दात आवळले. तिला शिकवलेलं त्या क्षणी मोडायची माझी हिंमत झाली नाही.

मी तिसऱ्या बेसजवळ उभी होते. तिथून चेंडूची उंची बाजूने दिसते, मैदानात दुसरीकडून इतकी नीट दिसत नाही. पिचरचा हात फिरला. काळी शिवण नव्हती तरी मला फिरकी दिसली. चेंडू छातीकडे आला आणि चढायला लागला. हिच्या गालांना हिसका बसला. बॅट जागची हलली नाही. चेंडू तिच्या खांद्याच्या रेषेतून गेला, आणि त्यांच्या कॅचरने तो धरता धरता ग्लोव्ह झटकन छातीपर्यंत खाली ओढला.

अंपायरचा हात वर गेला. स्ट्राइक. बाद. सामना संपला.

मी धावत गेले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अंपायरने ग्लोव्ह पाहिला होता, चेंडू नाही, आणि निर्णय बदलत नसतो हे मलाही माहीत होतं. समोरच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. माझ्या मुली बाकावरून उठून आल्या. आमची कॅचर रडत रडत तिला म्हणाली, "दोन स्ट्राइक असून सोडते का कोनी? काऊन सोडला वो?"

ती प्लेटपाशी उभीच होती, बॅट हातात, गाल फुगलेले. तोंडात पाणी होतं, म्हणून तिला उत्तर देता येत नव्हतं, आणि कुणीतरी विचारेपर्यंत ते गिळायचं तिला सुचलंच नव्हतं. मग तिने एकदाचं गिळलं. कॅचरकडे बघितलं नाही. सरळ माझ्याकडे आली.

"म्याडम, वर होता ना?"

चेंडू चांगला असता तर मी खोटं बोलले असते का? बोलले असते, बेधडक बोलले असते. त्या दिवशी गरज पडली नाही.

"वर होता," मी म्हटलं. "खांद्याला होता. मी बाजूने पाहिलाय."

"मले दिसला," ती म्हणाली. "सुटला तवाच दिसला." तिने मान हलवली, दोनदा, आपल्याशीच. "म्हंजे मी सोडला ते बरोबर केलं."

"एकदम बरोबर केलंस."

"हो," ती म्हणाली. मग तिने बॅट खाली टाकली. "पन मले जायचं होतं वो म्याडम."

मी तिचं हेल्मेट काढून घेतलं आणि तिला रडू दिलं.