सोलमधलं हॉटेल आणि सखारामभाऊंची झोप

राजुरी-आळ्याच्या मंडळींनो, सोलमधल्या एका सायबर कॅफेत बसून लिहितोय. लई दमलोय.

कंपनीनं मला आणि आमचे जुने फिटर, तळेघरचे सखारामभाऊ, यांना ट्रेनिंगला इकडं पाठवलंय. हॉटेल चकाचक, गादी मऊ, पण खिडकी उघडत नाही. भाऊंना आल्यापासून झोपच नाही.

आज सुट्टी. सकाळी भाऊ म्हणाले, "इथं जीव घुसमटतो रं. ट्रेनिंगचे सायब ते जुन्या पद्धतीचं पावण्यांचं घर सांगत व्हते, मी जातो तिकडं. तू ऱ्हा इथंच."

त्यांना ना इंग्रजी येत, ना कोरियन. एकट्याला कसं सोडू? मीही बॅग भरली. म्हटलं, संध्याकाळी समजूत घालून परत आणू.

ते घर कौलारू, मधी अंगण. खोलीत पलंग नाही. जमीन खालून गरम करतात, तिच्यावर पातळ गादी. मी जरा पडलो तर पाठ धरली. भाऊ मात्र अंगणाकडचं दार उघडं ठेवून आडवे झाले आणि बोलता बोलता घोरायला लागले.

आताच हॉटेलात फोन करून आमची खोली सोडली, आता मीही भाऊंबरोबर तिथंच.

तुमी काय केलं असतं, राव?