पाठ फिरवून उभा राहणारा माणूस

छगनशेठ हॉटेलचा गल्ला सोडून माझ्या टेबलापर्यंत चालत आले, तेव्हाच काहीतरी विपरीत घडलंय हे कळलं. बारा-तेरा वर्षांत या गृहस्थाला गिऱ्हाइकासाठी गल्ल्यावरून उठलेलं मी पाहिलेलं नाही. ते समोरच्या खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, आपणो हरेश्वर गयो." एरवी माझ्याशी ते मराठीतच बोलतात. त्या सकाळी त्यांना मराठी सुचली नाही. वरोरहून पहिल्या एस.टी.ने निरोप आला होता. जूनपासून हरेश्वरने काविळीने अंथरूण धरलं होतं. मी दोनदा भेटून आलो होतो, आणि दुसऱ्या खेपेला तर त्यानेच मला, हल्ली हॉटेलात चहा बरा मिळतो ना, असं विचारून हसवलं होतं. त्यामुळे तो उठेल असं मी धरूनच चाललो होतो. समोरचा चहा निवत राहिला. तो आणून ठेवणारा नवा माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभा होता... हरेश्वर असा कधी उभा राहिला नसता. त्या उभं राहण्याबद्दलच मला लिहायचं आहे.

मच्छीमाराच्या घरात जन्मून त्याला समुद्र लागायचा. वरोरला घरची होडी, बाप, थोरला भाऊ, चुलते सगळे दर्यावर जाणारे, आणि हा होडीत पाय ठेवला की आतडी बाहेर. गावाने इतकी थट्टा केली की विशीतच तो उठून डहाणू रोडला आला आणि स्टेशनाजवळच्या छगनशेठच्या चहा-फराळाच्या हॉटेलात लागला. लाटेवर ज्याचा तोल राहत नव्हता, तो डाव्या हातावर सहा भरलेले कप घेऊन गर्दीतून असा जायचा की बशीत थेंब सांडत नसे. मी साताऱ्याकडचा, इथल्या हायस्कुलात मास्तर म्हणून आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा, सडाफटिंग. सकाळ-संध्याकाळ त्याच हॉटेलात पडलेला असायचो. मला साखर कमी लागते हे त्याने दुसऱ्या दिवशी ओळखलं, आणि माझं तोंड फटकळ आहे हे बहुधा पहिल्याच दिवशी. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो, कारण सगळेच करायचे.

त्याची एक सवय माझ्या डोळ्यांत भरली होती. गिऱ्हाइकाचं खाणं संपत आलं की हरेश्वर पाठ फिरवायचा. लांबच्या टेबलाशी जाऊन, ते स्वच्छ असलं तरी, फडकं मारत बसायचा. गिऱ्हाईक गल्ल्यावर पैसे देऊन, बशीखाली आणा-दोन पैसे ठेवून किंवा न ठेवता पायरी उतरून गेलं, की मग हा यायचा आणि बशीबरोबर जे असेल ते उचलायचा. मी याचा अर्थ लावला तो असा, की बिचाऱ्याला बक्षीस घ्यायची लाज वाटते. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला न विचारता कळतं, असं वाटण्याचं ते माझं वय होतं... आणि खरं सांगायचं तर खोड अजून पुरती गेलेली नाही.

त्यात आण्यांऐवजी नवे पैसे आले. आण्याचे सहा की सव्वासहा, यावरून गावभर घोळ. रोजच्या टोळक्यात वाद निघाला की हरेश्वरला आता बशीखाली पाच ठेवायचे की सहा. टोळकं म्हणजे आम्ही दोन-तीन मास्तर, रेल्वेचे पार्सलबाबू आणि घोलवडहून चिकूच्या करंड्या गाडीत चढवायला येणारे एक बागायतदार. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा मी उभाच राहिलो. म्हणालो, पाच नको नि सहा नको, ही बक्षिसाची पद्धतच मोडली पाहिजे. जमीनदाराने खूश होऊन कुळापुढे पैसे टाकावे तसं हे आहे. माणूस काम करतो, त्याला पगार मिळाला पाहिजे, भीक नव्हे. समतेवरचं हे व्याख्यान मी, "काय रे हरेश्वर, खरं की नाही?" असं विचारून संपवलं. तो हसला आणि रिकामे कप घेऊन आत गेला. ते हसू मी होकारात धरलं.

पुढचे आठ दिवस मी छगनशेठना इतकं पिडलं की शेवटी त्यांनी हरेश्वरचा पगार पाच रुपयांनी वाढवला. चहाही एका नव्या पैशाने वाढवला, म्हणजे त्यांचं काही गेलं नाही. मी माझ्या वळणदार अक्षरात पाटी रंगवली, 'येथे बक्षीस देऊ नये', आणि गल्ल्याच्या वर ठोकून घेतली. पंधरवड्यात झाडून सगळ्यांनी पैसे ठेवणं बंद केलं. न देण्याला तत्त्वाचा आधार मिळाला तर कोणाला नको असतो? मी मात्र क्रांती केल्याच्या ऐटीत हिंडत होतो.

हरेश्वरची थोरली मुलगी मथुरा माझ्याच वर्गात होती, आठवीत. डहाणू गावात मावशीकडे राहायची. हुशार म्हणावी तर तशी नाही, पण चिवट. गणित चुकलं तर मधली सुट्टी बुडवून ते सोडवत बसायची. ती सप्टेंबरात शाळेत येईनाशी झाली. पहिले दोन-चार दिवस मी काही बोललो नाही, मग हॉटेलात, चारचौघांत हरेश्वरला फैलावर घेतलं. पोरीला घरी बसवून मासळीच्या टोपल्या उचलायला लावणार का, म्हणालो. तुम्हा लोकांना शिक्षणाची किंमत नाही, हेसुद्धा म्हणालो. हे लिहिताना आज हात जड होतो, पण म्हणालो खरा. तो एवढंच म्हणाला, "बघतो, मास्तर."

मग एक दिवस शाळेचे कारकून फी थकलेल्या मुलांची यादी घेऊन आले, नावं कमी करायची म्हणून. मथुराचं नाव वरच होतं. ते वैतागून सांगत होते, की या पोरीची फी म्हणजे डोक्याला ताप, दर महिन्याला रुमालात बांधलेली सगळी चिल्लर, आणे नि दोन पैशांची नाणी. दोन महिने झाले, तीही यायची बंद झाली... मी बोटांवर महिने मोजले, ते पाटी ठोकल्याच्या दिवसाशी येऊन थांबले. कोणी थोबाडीत मारावी तसं झालं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी एरवी म्हणायची एक म्हण आहे. इथे एका पोरीची शाळा सुटली होती, आणि ती मी सोडवली होती.

दुपारी हॉटेलात गिऱ्हाईक नव्हतं. हरेश्वर मागच्या मोरीवर कपबशा विसळत होता. मी विचारलं, आणि मग त्याने सांगितलं. वरोरचं घर एकत्र. थोरला भाऊ दामूदादा कर्ता. एक तारखेला पगार दादाच्या हातावर ठेवायचा, ही आईने घालून दिलेली रीत. दादा वाईट नव्हता, पण जाळ्यांचं कर्ज होतं, आणि पोरीच्या शाळेला घरातली पै मिळणार नाही हे त्याने आधीच सांगितलं होतं. शाळेत नादारीच्या, म्हणजे फीमाफीच्या, जागा भरलेल्या होत्या. हरेश्वरने घरी सांगून टाकलं, की फी माफ झाली आहे. आणि बशीखालचे पैसे, जे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, ते रुमालात बांधून शाळेत पोचते केले. मी वाढवून घेतलेले पाच रुपये सरळ दादाकडे गेले होते.

मी म्हणालो, फी मी भरतो, आजच्या आज भरतो. त्याने हातातली बशी पालथी घातली.

"तुम्ही भरलीत तर ती तुमच्या मेहरबानीवर शिकेल, मास्तर. मला ते नको. बशीखालचं माझं होतं."

मग पाठ का फिरवायचास, असं मी विचारलं. मला वाटायचं तुला लाज वाटते.

"मला कसली लाज? ज्याच्या खिशात नाही, त्याला ती वाटू नये म्हणून. चहाचे पैसे त्याने दिलेत. वर ठेवायचं की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं. मी बघत उभा राहिलो, तर ते मागणंच झालं."

आणि तेव्हाच का बोलला नाहीस, या प्रश्नालाही त्याचं उत्तर तेच होतं. बक्षीस चालू ठेवा म्हणून सांगणं म्हणजे मागणंच. शिवाय तुम्ही माझ्या भल्यासाठी बोलत होता, असं तो म्हणाला, आणि त्याने मला जास्तच लागलं. फक्त एक वचन त्याने घेतलं. यातलं अक्षर कोणापुढे काढायचं नाही. डहाणू-वरोर काही लांब नाही, दादाच्या कानावर गेलं तर तेही पैसे घरात जातील आणि मथुरा कायमची बसेल.

म्हणजे मला माघार घ्यायची होती, पण कारण न सांगता. माझ्यासारख्या माणसाला याहून कठीण शिक्षा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉटेल भरलेलं असताना, मी खुर्चीवर चढून ती पाटी काढली. सगळे बघायला लागले. मी म्हणालो, माझं चुकलं. काय चुकलं, पार्सलबाबूंनी विचारलं. चुकलं म्हणजे चुकलं, म्हणालो, आणि चहा पिऊन बशीखाली नाणं ठेवलं. घोलवडचे बागायतदार म्हणाले, "मास्तर, तत्त्व इतक्यात नासलं? आमचा चिकूसुद्धा चार दिवस टिकतो हो." हसण्याने हॉटेल दणाणलं. पण मग मला चिडवायचं म्हणूनच एकेकाने, मास्तर बघा हं, असं मोठ्याने म्हणत बशीखाली पैसे ठेवायला सुरुवात केली. ती थट्टा पुढे सहा महिने चालली. हरेश्वर सगळ्यांकडे पाठ करून एक स्वच्छ टेबल पुसत होता. पाच रुपये छगनशेठनी काढून घेतले नाहीत. चहाही स्वस्त केला नाही.

दिवाळीनंतर मथुरा रुमालातली चिल्लर भरून वर्गात आली; तोवर तिचं नाव कमी करू नका, एवढं मी कारकुनांना सांगून ठेवलं होतं. मी हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबलो आणि उगाच दुसऱ्या कोणावर तरी खेकसलो. त्या दिवसापासून मी हरेश्वरला अहो-जाहो करू लागलो. त्याला ते इतकं विचित्र वाटलं की आठवडाभर त्याने मला साखर जास्त घातली. आठवणीत मात्र तो अजून 'तो' म्हणूनच येतो. पुढे मथुरा मॅट्रिक झाली, ट्रेनिंग केलं, आणि तलासरीपलीकडे वेवजीच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली. ऑर्डर आली त्या दिवशी दामूदादा स्वतः पापलेटं घेऊन माझ्या खोलीवर आले, मुलीचं कौतुक करत तासभर बसले, आणि माफ झालेल्या फीबद्दल त्यांनी माझे आभार मानले. मी मान खाली घालून ते घेतले.

दिवसकार्याला वरोरला गेलो, तेव्हा मथुरा मला ओटीवर घेऊन बसली. आता तिची बदली घोलवडला झाली आहे. तिने एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत हरेश्वरने मला सांगितली नव्हती. तिच्या पहिल्या पगाराला ती त्याला तलासरी नाक्यावरच्या एका हॉटेलात घेऊन गेली. गिऱ्हाईक म्हणून बसायची त्याची पहिलीच वेळ. त्याला बाकावर बसवेना. चहा आणणारा लाडक्या नावाचा वेवजीचाच माणूस होता. हरेश्वरने त्याला विचारलं, पोरं किती? तीन, तो म्हणाला. शाळेत किती जातात? लाडक्या हसला, एकही नाही. हरेश्वरने आठ आणे बशीखाली ठेवले आणि काही न बोलता उठला. मथुरा म्हणे रागावली, की तुम्ही त्याला समजावायचं तरी होतं. तो म्हणाला, मी विचारलं तेवढं पुरे. पुढच्या महिन्यात लेकीला भेटायला आला, पुन्हा तिथेच चहा, पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या खेपेला लाडक्याने चहा ठेवता ठेवता आपणहोऊनच सांगितलं, काका, एक. मथुराची बदली झाली तरी हा दर महिन्याला तलासरीला जातच राहिला. घरी कोणी विचारलं तर सांगायचा, तिथला चहा चांगला असतो.

गेल्या रविवारी मी तलासरीला गेलो. का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. हरेश्वर गेल्याचं त्या माणसाला कोणी कळवलं नसणार, निदान ते तरी आपण सांगावं, असं काहीसं मनात होतं. नाक्यावरचं हॉटेल लहानसंच आहे. चहा घेऊन आला त्याला मी विचारलं, लाडक्याभाऊ तुम्हीच का? तो माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "डहाणूच्या काकांकडून आलात का?"

मी हो म्हणालो. पुढचं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात त्यानेच सुरुवात केली. काका दोन महिने आले नाहीत, तब्येत बरी नाही का, पावसात एस.टी.चा त्रास होत असेल, असं आपलं आपणच बोलत त्याने माझ्यासमोरचं टेबल पुसलं. मग फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "त्यांना सांगाल का? म्हणावं, आता दोन. धाकटीलापण घातली."

आयुष्यभर मला बोलताना कधी अडलं नाही. तिथे अडलं. एवढं सांगून तो पलीकडच्या टेबलाशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"सांगतो," मी म्हणालो.