बहिरूची स्वतःची गती

खंडेनवमीला सातपूरच्या कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात, मालक स्वतः नारळ फोडतो, आणि कामगारानं त्या दिवशी तोंड उघडायचं ते फक्त प्रसादासाठी. बहिरूनं ते बोलायला उघडलं.

पूजा झाली, पेढे वाटून झाले, आणि साहेबांनी सहज विषय काढला. मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट मार्चमध्ये येणार होतं. तपासणीच्या कागदावर सही करणारा माणूस पदवीधरच पाहिजे, अशी गिऱ्हाइकाची नवी अट होती. "आपल्या क्वालिटीत ग्रॅज्युएट कोणी आहे का रे?"

सगळे झेंडूच्या माळांकडे बघायला लागले. बहिरू अकरा वर्षं तपासणीच्या टेबलाला उभा होता, तोही कंत्राटावर. सही दुसऱ्याची होणार म्हणजे टेबलही दुसऱ्याचं होणार, आणि आपण परत माल चढवायला, हे त्याला एका क्षणात दिसलं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "होतोय साहेब. ऑनलाइन चालू हाय. मार्चपर्यंत येईल हातात."

चालू काहीच नव्हतं. आदल्या दिवशी जेवताना मोबाइलवर एक जाहिरात तेवढी चालू होती. तिच्यातला टाय लावलेला माणूस म्हणत होता, तुम्हाला काम येतं ना? मग वर्गात कशाला बसता? येतं ते दाखवा आणि पदवी घ्या. आपल्या गतीने.

साहेबांनी बहिरूच्या खांद्यावर हात ठेवला. "इनचार्जची जागा तुझी. आणि कायम." टाळ्या पडल्या. पॅकिंगमधल्या एका गाववाल्यानं संध्याकाळच्या आत ही बातमी नांदगावला पोचवली आणि आईचा फोन आला.

"बहिरू, तू कालेजात जातो आन मला गल्लीतून कळतं व्हय?"

"आये, कालेज नाय ते. घरूनच असतं."

"घरून कसलं कालेज? बरं, आसू दे. मी सांगितलंय समद्यांना."

झालं. आता माघार घ्यायची तर साहेबांपासून गल्लीपर्यंत सगळ्यांसमोर घ्यावी लागणार होती.

बहिरूनं जाहिरातीवर बोट ठेवलं मात्र, फोन वाजला. कोणी वल्लरी मॅडम होत्या, आवाज गुळाच्या पाकासारखा. "सर, हा कोर्स अगदी तुमच्यासारख्यांसाठीच आहे. सहा महिन्यांची फी एकदा भरायची, त्यात जमतील तेवढे विषय काढायचे. पण आजच ठरवा, सीट भरत आल्यात."

"मॅडम, ऑनलाइनमधी सीट कशा भरतात? खुर्च्या हायेत का?"

मॅडम हसल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच सीट घेऊन हजर झाल्या. पदवी मार्चपर्यंत होईल का, असं विचारलं की म्हणायच्या, ते तुमच्या गतीवर आहे सर. ऑडिटवाले ही पदवी मानतील का, यावर म्हणायच्या, चौकशी करून कळवते. तेवढं एक कळवायचं त्यांच्याकडून दर वेळी राहून जायचं.

मग बहिरू आपल्या जुन्या दोस्ताकडे, शौनककडे गेला. शौनकच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावर यजमानांची कार्यं चालवलेली. हा मात्र एका कॉलेजच्या प्रवेश खिडकीत बसला. लोकांचे अर्ज बघून बघून त्याला माणसं ओळखता यायला लागली होती, निदान त्याचं तसं म्हणणं होतं.

"कोर्स खोटा नाही," शौनक म्हणाला. "परदेशात चालतं हे. तिथं तू किती दिवस बसलास ते मोजत नाहीत, तुला येतं का ते बघतात. पण मार्च विसर. कितीही पळालास तरी मार्च नाही."

"विसरतो. पण निदान साहेबांना दाखवता येईल ना, बघा, निम्मी झाली?"

"ते तू निम्मी केलीस तर. तुझ्या पाठीमागे कोण लागणार? हजेरी नाही, सर नाहीत, घंटा नाही. शाळेत तू गृहपाठ कधी करायचास?"

"सर घरी यायचे तेव्हा."

"बघ मग," म्हणून शौनकनं चहा पुढे सरकवला. "फी भरायच्या आधी नमुन्याचा एक धडा फुकट देतात. तेवढा करून बघ. झाला तर भर."

बहिरूला हे पटलं. नमुन्याचा धडा नेमका मोजमापाचा निघाला, तेव्हा तर त्याला देवच पावला असं वाटलं. पाच नग मोजायचे, प्रत्येकाची नोंद करायची, काय केलं आणि का केलं ते बोलायचं, आणि सगळ्याचा व्हिडिओ पाठवायचा. साहेबांना विचारून त्यानं भंगारातले पाच शाफ्ट घरी आणले. बायकोनं, वेदिकानं, ओटा पुसून दिला आणि मोबाइल धरला. बहिरूनं पहिला नग मोजला, आकडा बोलला. मधले तीन बोटांत फिरवून "ओके, ओके, ओके" करत बाजूला ठेवले. शेवटचा मोजला. झालं. बरोबर बोटभर हसूही त्यानं कॅमेऱ्याला दिलं.

उत्तर आलं: अजून सिद्ध नाही.

"म्हणजे नापास?" वेदिकानं विचारलं.

"नापास म्हणत नाय ते. अजून नाय म्हणतात."

"का पण?"

खाली कारण लिहिलं होतं. मधल्या तीन नगांच्या मोजमापाचा पुरावा दिसत नाही. शिवाय, का मोजले ते सांगितलेलं नाही.

बहिरू भडकला. कारखान्यात पहिला आणि शेवटचा मोजायचा असतो. पहिला बरोबर, शेवटचा बरोबर, तर मधले बिघडतील कशाला? सगळं सातपूर असंच चालतं! पण रागाचा भर ओसरला तसं त्याच्या लक्षात आलं, की का बिघडणार नाहीत हे आपल्याला सांगता येत नाही. बोटांना कळत होतं. तोंडापर्यंत ते कधी आलंच नव्हतं, कारण इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

पुन्हा पाठवायची मुभा होती. कधीही, आपल्या गतीने. आणि तिथंच बहिरूचं घोडं अडलं. पहिली पाळी असली की संध्याकाळी डोळे मिटायचे. दुसरी असली की सकाळ पाणी भरण्यात जायची. शनिवारी सातपूर बंद, सगळा दिवस मोकळा, तर तो दिवस मोबाइलकडे बघत आणि मोबाइल उघडायचा नाही असं ठरवत जायचा. ॲप रोज गोड निरोप धाडायचं, तुमची प्रगती तुमच्या हातात आहे. हातात फक्त चार्जर असायचा.

वेदिकानं कंबर कसली. "मी विचारते रोज. बसा इथं. पृष्ठभागाचा खरखरीतपणा म्हणजे काय?"

"तू मास्तरीण कधीपासून झाली?"

"तुम्ही विद्यार्थी झालात तेव्हापासून. सांगा."

दोन-तीन दिवस ते चाललं. मग एका संध्याकाळी भाजी करपली, उत्तर चुकलं, ती हसली, आणि बहिरूनं मोबाइल गादीवर आपटला. "हसतेस काय? ही जागा गेली ना, तर ह्या वयात मी परत ट्रॉली ढकलणार हाय. कळतंय का?"

वेदिकानं कढई गॅसवरून उतरवली. मग म्हणाली, "डोकं आहे हो तुम्हाला. पण भोंगा झाला की उठता, भोंगा झाला की जेवता. ती जाहिरात म्हणते आपली गती. तुमची आपली गती कधी होती का?"

त्या दिवसापर्यंत आपल्याला पदवी नाही एवढंच बहिरूला सलत होतं. आता आपल्याला गतीही नाही असं निघालं. तो ओट्यापाशी पाठ टेकून बसला आणि रडला. वेदिका करपलेली कढई घासत राहिली, नळ मोठा सोडून, म्हणजे त्याला कोणी ऐकतंय असं वाटू नये.

मॅडमचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "कोर्स चांगला हाय मॅडम. ज्याला स्वतःला हाकता येतं त्याच्यासाठी. मला मागनं कोणीतरी लागतं."

"सर, शेवटच्या दोन सीट..."

"द्या दोघांना," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

साहेबांकडे जाणं त्याहून अवघड होतं. केबिनमध्ये उभं राहून त्यानं एका दमात सांगून टाकलं, की चालू काही नव्हतं, मार्चपर्यंत काही होणार नाही, आणि त्या दिवशी मी थाप मारली. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी गिऱ्हाइकाला तुझं नाव दिलंय, बहिरू."

"माहीत हाय साहेब."

"मग जागा जाणार. टेबलाचंही मी आत्ता काही सांगू शकत नाही."

"हो साहेब. फक्त एक मागायचं होतं." आता गमवायला फार उरलं नव्हतं. "शौनकनं मुक्त विद्यापीठाचं एक केंद्र दाखवलंय. तिथं मास्तर असतात, हजेरी घेतात. तीन-चार वर्षं लागतील. पण वर्ग रविवारी असतो, आन रविवारी आपला कारखाना चालू."

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "रविवारी तुझ्या टेबलाला माणूस तूच उभा करायचा," ते म्हणाले. "खाडा मला चालणार नाही."

माणूस म्हणजे जयराम. शेजारच्या मशीनवरचा, विंचूरचा.

"रविवार मी बघतो," जयराम म्हणाला. "पण आमच्या जत्रेला माझी पाळी तू करायची. बायकोला शब्द दिलाय मी."

"करतो की. दिला शब्द."

मार्चमध्ये ऑडिट झालं. कागदावर सही करायला आरोही मॅडम आल्या, नव्या, पदवीधर, समजूतदार. बहिरू टेबलाला राहिला, कंत्राटावर, एका वेळी तीन-तीन महिन्यांच्या मुदतीवर. रविवारी तो केंद्रात मागच्या बाकावर बसतो. सर नाव पुकारतात तेव्हा "हजर" इतक्या जोरात म्हणतो, की पुढची पोरं वळून बघतात. मागच्या महिन्यात तिथली पहिली चाचणी तो पास झाला. काठावर.

ती चाचणी जत्रेच्या दिवशीच आली. पाळी करायला जमणार नाही, असं बहिरूनं गयावया करून जयरामला सांगितलं. जयराम स्वतःच्या पाळीला उभा राहिला आणि बायकोला त्यानं बसनं एकटीलाच पाठवलं. ती एक पाळी बहिरूकडे अजून बाकी आहे. रोज डबा खाताना जयराम समोरच बसतो, आणि बहिरूच्या डब्यातली भाजी विचारल्याशिवाय घेतो.