सरांनी पेटवलेली चूल

“हा चॅप्टर काढून टाका,” सर म्हणाले आणि माझे कागद टेबलावर सरकवले. “शनिवारी त्या घरातून धूर निघताना मी स्वतः पाहिला. कसला शब्बाथ पाळतात?”

नागपूर तेव्हा राजधानीचं गाव होतं आणि मी इतिहासाचा रिसर्च स्टुडंट होतो. विषय होता इथल्या बेने इस्राएल कुटुंबांचं धर्मजीवन. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. पूर्वी ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. शब्बाथ म्हणजे तोच विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, दुसऱ्याला पेटव असं सांगायचंही नाही. इथे येऊनही त्यांनी हा नियम सोडला नाही, असं मी लिहिलं होतं. तो चॅप्टर गेला असता तर थिसिसमध्ये प्रस्तावना आणि आभार एवढंच उरलं असतं. मी घाबरलो होतो. सर गाइड होते, त्यांच्या सहीशिवाय थिसिस पुढे जात नव्हता.

मी म्हटलं, सर, एकदा सोबत चला. पुढच्या शनिवारी सकाळीच आम्ही त्याच घरी, सारामावशींकडे गेलो. मावशी रेल्वेतल्या गार्डची आई. त्यांचा जन्म नागपूरचा. मुलगा ड्युटीवर होता. चूल थंडगार होती. सरांनी राखेत बोट घालून खात्री केली आणि जरा हिरमुसले.

सरांना दर तासाला चहा लागायचा, हे डिपार्टमेंटमधला शिपाईसुद्धा जाणून होता. आता ते जांभया देऊ लागले. मावशींच्या लक्षात आलं.

“सायेब, पाहुण्याले चहा नाही म्हणजे मले कसंतरीच वाटते,” त्या म्हणाल्या. “पण आज मी तुम्हाले काहीच सांगू शकत नाही. काड्याची पेटी कोनाड्यात हाय, पत्ती डब्यात हाय, दूध झाकलेलं हाय, हेही नाही.”

सरांनी कोनाड्याकडे पाहिलं. मग उठून धोतर सावरत चुलीपुढे बसले. लाकडं ओली निघाली. सर फुंकत होते, खोकत होते, आणि खिडकीतून धुराचे लोट निघत होते. मी मान खाली घालून हसू दाबत होतो.

तेवढ्यात शेजारच्या गंगाबाई दारात आल्या. मावशींना सोबत म्हणून त्या दर शनिवारी इथे येऊन स्वतःपुरता चहा करायच्या.

“काहून वं मावशी, आज माझ्या जागी कोण बसून राहिलं?” असं म्हणत त्या आत डोकावल्या. सर डोळे पुसत वळले. नाकाला काजळी लागलेली. शनिवारचा धूर कुणाचा, ते त्यांना कळलं.

चहा झाला. सरांनी एक कप मावशींपुढे धरला. मावशींनी हात लावला नाही. “तुम्ही तुमच्यासाठी केला, तुम्हीच घ्या,” म्हणाल्या.

मी धुराचा खुलासा चॅप्टरमध्ये जोडला आणि सोमवारी त्यावर सही झाली. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, “शनिवारी इतर धर्माचा माणूस यहुदी घरात येऊन आपल्यापुरती चूल पेटवतो, असं तुम्ही लिहिलंय. असा माणूस प्रत्यक्ष पाहिलात?”

सर शेजारीच बसले होते. ते एकाएकी छताकडे पाहू लागले.

“हो,” मी म्हणालो. “दोन पाहिले. त्यातल्या एकाला चूल पेटवता येत होती.”

डिग्री मिळाली. पुढे मी स्वतः गाइड झालो. विद्यार्थ्यांना एवढंच सांगत आलो, की फील्डवर्कला निघताना घरून चहा पिऊन जावं. नाहीतर माणूस पुरावा शोधायला जातो आणि स्वतःच पुरावा होऊन परत येतो.