काठी, लाडू, भोपळा

तेव्हा मी ताम्हिणीच्या बाजूला उपकेंद्रात नर्स होते. डोंगरातल्या एका वाडीत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी सहा म्हातारी माणसं होती, आणि माझी फेरी महिन्यातून एकदाच. डॉक्टरांनी आकडे दाखवणारं नवं मशीन दिलं. ते मी तिथल्या एका आजींकडे ठेवलं, कारण त्यांना मुलानं मोबाइल दिला होता. दर सोमवारी त्यांनी सगळ्यांचा दाब मोजून मला फोनवर सांगायचा.

अडचण एकच. आजींना आकडे वाचता येत नव्हते.

"चित्रं कळत्यात की," त्या म्हणाल्या.

मग ओसरीवर बसून आम्ही चित्रंच ठरवली. एक म्हणजे काठी, शून्य भोपळा, सात विळा, आठ म्हणजे एकावर एक दोन लाडू. पाच काही केल्या जमेना. शेवटी त्यांनीच ठरवलं, हा पोट सुटलेला पाव्हणा.

पहिल्याच सोमवारी फोन आला. "लिवा बाई. काठी, लाडू, भोपळा."

एकशे ऐंशी! पुढचा एकशे सत्तर. सहाही जणांचे आकडे तसेच. डॉक्टरांना जीपमध्ये घालून मी तडक निघाले.

वाडीत कुणीच दिसेना. मागचं टेकाड चढून गेलो, तर वर सहाही जण शेंगा खात, खिदळत बसले होते.

"आजी, दाब कुठं मोजलात?"

"हितंच. रेंज हितंच येती न्हवं? वर आलो की लगेच पट्टा बांधला. चढ लई हाय, बाई!"

डॉक्टर खडकावर बसले आणि पोट धरून हसले. चढून आल्या आल्या दाब वाढलेलाच दिसणार, आधी अर्धा तास बसायचं, म्हणाले. एव्हाना सगळे बराच वेळ बसलेले होते, म्हणून तिथंच पुन्हा मोजलं तर पाच जणांचा दाब ठीक होता. एका आजोबांची गोळी तेवढी वाढवावी लागली. डॉक्टरांनी सहज स्वतःच्या दंडाला पट्टा लावायला घेतला, तर आजींनी तो काढून घेतला.

"तुमी बी आत्ताच चढून आलाय. आदी गप बसा."

डॉक्टर पुन्हा खडकावर जाऊन बसले.

तेव्हापासून नियमच झाला, आधी अर्धा तास बसायचं, मग मोजायचं. त्या अर्ध्या तासासाठी दाब नसलेलीही माणसं टेकाडावर येऊ लागली. आकडे लिहून झाले तरी मी फोन ठेवत नसे. पलीकडं कुणीतरी कुणाची तरी थट्टा करत असायचं, आणि ती ऐकत मी उपकेंद्रात एकटीच हसायचे.